धुराड्यालगतची फट

हिल्माच्या बिछान्यामागे, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, विटांचं धुराडं उभं होतं. लाकडी भिंत आणि विटा यांच्यात बोट जाईल एवढी फट पडलेली. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की आत भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायचं आणि सकाळी हिल्माच्या पांघरुणाच्या कडेवर हिमाचा भुगा दिसायचा.

"यंदा आईला इथे ठेवायचं नाही," आर्वो बहिणीला म्हणाला. "शहरातल्या वृद्धाश्रमात जागा आहे. गोठून तरी मरणार नाही."

"आणि खोली गरम राहिली तर?" सेन्याने विचारलं.

"तर राहू दे. पण करणार कोण? शिडीवर चढलं की मला भोवळ येते."

"तुला कामाचं नाव काढलं तरी भोवळ येते," कॉफीत वेलचीचा पाव बुडवत हिल्मा म्हणाली. मग लेकीकडे न बघता पुटपुटली, "या घरातून मी पायांनी बाहेर पडणार नाही. उचलूनच न्यावं लागेल."

सेन्याने वडिलांची थापी शोधून काढली. ते गवंडी होते; लहानपणी तिने त्यांना माल कालवून दिला होता. थंडीत माल गोठला की तो धरत नाही, म्हणून ती उन्हाच्या दिवसाची वाट बघत राहिली. तसा दिवस उजाडल्यावर विटांमधला भुसभुशीत चुना खरवडला, विटा ओल्या केल्या, कोमट पाण्यात चुना-वाळू कालवून दरजा भरल्या. धुराडं आणि भिंत यांच्यामधल्या फटीत डांबर लावलेला काथ्या ठोकून बसवला, वरून खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरली आणि रात्रीच्या थंडीपासून सगळं गोणपाटाने झाकलं.

शेजारचा म्हातारा वायनो खाली शिडी धरून होता. "पोरी, हे बघायला तुझा बाप हवा होता. आता या घरात मुंगीसुद्धा परवानगी मागून शिरेल."

"काका, शिडी धरा. बोलताना हलवताय तुम्ही."

बाकीचं काम दर शरदात सगळेच करत तसं झालेलं होतं: खिडक्यांच्या कडांना कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या, घराच्या पायाभोवती स्प्रूसच्या फांद्या रचून माती ओढली होती. उरली होती ती एवढी एक फट. ती बुजली. कॅलेंडर भिंतीला चिकटून राहिलं.

"आता कसं वाटतंय?" सेन्याने विचारलं.

"चर्चमध्ये बसल्यासारखं," हिल्मा म्हणाली. "फक्त पाद्री नाही, ते बरंय."

संध्याकाळी तिने चूल पेटवली आणि ज्वाळा बसल्या, लाल निखारे उरले, तशी धुराड्याची झडप लावून टाकली. आयुष्यभर ती असंच करत आली होती. निखारे विझेपर्यंत थांबायचं म्हणजे ऊब कावळ्यांना वाटायची, असं तिची आई म्हणायची.

बर्फ पडू लागलं. सेन्या सकाळी शाळेत शिकवायला जाताना आईकडे डोकावायची. हिल्माचं डोकं दुखू लागलं होतं, अन्न नकोसं झालं होतं. गावात फ्लूची साथ होती. गाल मात्र गुलाबी दिसत होते.

"रंग आलाय तुझ्या तोंडावर," सेन्या म्हणाली.

"मग आर्वोला फोटो पाठव."

रविवारी सेन्या तिला आपल्या घरी जेवायला घेऊन गेली. दुपारपर्यंत डोकेदुखी गेली. "तुझ्या कॉफीला गुण आहे," हिल्मा म्हणाली. सेन्या हसली. गार हवेतून चालत आल्याने बरं वाटलं असेल, असं तिला वाटलं. परत सोडताना तिने चुलीत चार लाकडं जास्त घातली.

सोमवारी दार आतून उघडलं नाही.

वायनोने कुऱ्हाडीने कडी तोडली. हिल्मा चुलीजवळ जमिनीवर पडली होती. श्वास चालू होता. खोली उबदार होती, हवा अगदी स्थिर. दोघांनी तिला उचलून बाहेर बर्फात आणलं.

डॉक्टरांनी विचारलं, झडप केव्हा लावायची? घरात बाहेरची हवा यायला जागा कुठे होती? सेन्याने उत्तरं दिली. तिसरा प्रश्न विचारायची गरज पडली नाही. निखाऱ्यांच्या वायूला वास नसतो, ते म्हणाले. इतकी वर्षं त्या फटीतून येणारा वारा तो पातळ करत होता.

त्याच दुपारी सेन्याने छिन्नी घेतली. लांबी दगडासारखी झाली होती, काथ्या विटेला घट्ट चिकटलेला. उकरता उकरता बोटं फुटली.

"आता कशाला?" शिडी धरून वायनो म्हणाला. "आता कोण राहणार आहे तिथे?"

ती उकरत राहिली.

हिल्मा वाचली. चमचा धरायला विसरली, सेन्याचं नाव विसरली. घरातल्या दोन खोल्यांमधला उंबरठा मात्र न बघता ओलांडायची. वसंतात आर्वो तिला वृद्धाश्रमात न्यायला गाडी घेऊन आला. गाडीपर्यंत ती आपल्या पायांनी चालत गेली. कुणी उचललं नाही.

गाडीची काच खाली करून तिने सेन्याला जवळ बोलावलं.

"बाई, तुम्ही चांगल्या दिसता. एक काम कराल? माझ्या बिछान्यामागे फट आहे. फार वारा येतो. माझी मुलगी येईल रात्री, तिला थंडी वाजेल. तेवढी बुजवून टाका."

"बुजवते," सेन्या म्हणाली.

आर्वोने काच वर केली.