पक्क्या वाटेचं बारसं

चेक देशातल्या ब्रनो शहराच्या वेंदुलानं कर्नलला एक नवी सवय लावली. हा कर्नल लष्करातला नव्हे; संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम, त्या घरातला कर्ता पुरुष. कोणी फाइल मागितली की तो पहिल्या फोल्डरपासून एकेक दार ओलांडत तिथवर जायचा, आणि प्रत्येक दाराशी ‘याला आत सोडायचं का’ हे तपासायचा. पुन्हा तीच फाइल मागितली तरी पुन्हा तीच पायपीट. वेंदुलानं त्याला एकदा चाललेली वाट लक्षात ठेवायला शिकवलं. काम कितीतरी वेगानं व्हायला लागलं. या सोयीला तिनं ‘पक्की वाट’ असं नाव दिलं आणि कोड याच कर्नलवर काम करणाऱ्या जगभरच्या मंडळींना मेलनं पाठवला.

कोड कोणी वाचलेला दिसला नाही. नावावर मात्र सगळे तुटून पडले. एकाला ‘झटपट वाट’ हवं होतं. दुसरा म्हणाला, उद्या याहून झटपट काही निघालं तर त्याला काय म्हणायचं? सगळ्यांत चिवट निघाला तो फिनलंडचा ताइस्तो. त्याचं रोज एकच वाक्य यायचं : “‘पक्की’ काढा.”

“या माणसाला दुसरा उद्योग नाही का हो?” कॅन्टीनमध्ये वेंदुलानं ओताकारांना विचारलं. फाइलींच्या कोडाची राखण ओताकारांकडे होती; त्यांनी हो म्हटल्याशिवाय तिथं काही शिरत नसे.

“का काढा, ते विचारलंस?” रश्शात पावाचा गोळा बुडवत ते म्हणाले.

“आता तेवढंच राहिलंय!”

“मग विचार की. तोंडाला कुलूप लागलंय का तुझ्या?”

तिनं विचारलं. उत्तर आलं : “कारण ती पक्की नाही. मधलं दार बंद करून बघा.”

वेंदुला हसली. मग तिनं मधल्या फोल्डरवर मनाई घातली आणि आतली फाइल मागितली. कर्नलनं ती निमूट आणून दिली. वाट त्याला पाठ होती. मनाई बघायला तो थांबलाच नाही. वेंदुलानं ओताकारांना बोलावून ते दाखवलं.

“बारशाआधी बाळाचे हातपाय मोजावेत, बाई,” ओताकार म्हणाले.

“तुम्ही तरी वाचला होता का कोड?”

“मी नावावरच अडलो होतो.”

तिनं सगळं उसवून पुन्हा शिवलं. आता कोणत्याही दाराची परवानगी बदलली की लक्षात ठेवलेली वाट रद्द व्हायची आणि कर्नल मुकाट्यानं पहिल्यापासून चालायचा. वेग थोडा उतरला. खात्री असेतोवरच जिच्यावर विसंबायचं, ती पक्की कसली, म्हणून तिनं नाव बदलून ‘ऐकीव वाट’ केलं आणि ताइस्तोचे आभार मानले. त्यानं पुन्हा दोनच वाक्यं लिहिली : “नाव बरं आहे. कोडही.”

ओताकारांनी कोड घेतला. वेंदुलाला हलकं वाटलं, थोडं ओशाळंही.

रविवारी आईचा फोन आला. “काय केलंस गं इतके दिवस?”

“एक चूक दुरुस्त केली.”

“कुणाची?”

“माझ्या कोडातली.”

“आणि ती कुणी केली होती?”

“मीच की, आई.”

“बरं,” आई म्हणाली. “जेवलीस का?”