मत्स्यमाईचा हुंकार

सोनगीरच्या किल्ल्याखाली, महामार्गाला लागून तंबू पडला होता आणि त्यावर धुळ्यापासून शिरपूरपर्यंतची माणसं लोटली होती. तंबूत पाण्याची लोखंडी टाकी. टाकीत चोचीसारख्या तोंडाचा, करड्या कातडीचा, माणसाहून लांब एक जीव. त्याला नीट वळताही येत नव्हतं. शेजारी भगव्या कफनीत मत्स्यानंद महाराज.

"समुद्र सोडून माय तुमच्या दारी आली! विचारा! खरं असेल तर हुंकार देईल, नसेल तर गप्प राहील!"

कोणी कापसाचं विचारी, कोणी पोरीच्या लग्नाचं. महाराज "ॐ मत्स्याय, ॐ सत्याय" सुरू करत आणि एकदम पाणी फुटून आवाज येई, फुऽऽस! "माय बोलनी!" म्हणून माणसं आडवी पडत. साल अठ्ठ्याऐंशीचं. त्या गर्दीत समुद्र पाहिलेली माणसं किती असणार?

दुपारी पितांबरनं आपल्या विधवा वहिनीला, सुंदरबाईला, दंड धरून आणलं. त्याचा मुलगा तापानं फणफणला होता आणि गल्लीत कुजबुज होती, की सुंदरबाईनंच नजर लावली. ती डाकीण आहे.

"माय, हाई डाकीन शे का?" पितांबर ओरडला.

सुंदरबाईनं मागं पाहिलं. बायकांनी वाट अडवली होती. माहेरी आईबाप नव्हते, भावानं केव्हाच दार लावून घेतलेलं. आता या टाकीतून आवाज आला, की सासरचंही संपलं. "मी काहीच नही करं," ती पुटपुटली.

महाराजांचा मंत्र लांबला. लांबतच गेला. त्यांची नजर मात्र पाण्यावर होती.

फुऽऽस!

"डाकीन! डाकीन!" कोणीतरी तिच्या केसांना हात घातला.

"सोडा तिला!" गर्दी सारत एक बाई पुढे आल्या. प्रमिलाबाई. धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मुंबईच्या एका देवमासे-डॉल्फिन बचाव मंडळाचं काम करायच्या. "धुळ्यात समुद्र कुठे शे, बाई?" म्हणून लोक त्यांना हसत. सुरतेच्या बाजूनं ही टाकी आणणाऱ्या एका ट्रकवाल्यानं सांगितल्यावर त्यांनी वनखात्याला फोन केला, आणि सकाळपासून त्या तंबूत बसून नुसत्या बघत होत्या.

"देवाची परीक्षा घेता, बाई? जीभ झडेल!" महाराज गरजले.

"देवाची नाही, तुमची घेते. आता कोणीच काही विचारायचं नाही. मंत्रही नाही. फक्त थांबायचं."

सगळे गप्प झाले. थोडा वेळ गेला आणि पाणी फुटलं. फुऽऽस! पुन्हा शांतता. पुन्हा फुऽऽस!

"आता कोणाला उत्तर दिलं हिनं?" प्रमिलाबाईंनी विचारलं. मग सुंदरबाईकडे वळल्या. "तू विचार. मी खूण केली की विचार."

प्रमिलाबाईंची नजर पाण्यावर होती. खूण होताच सुंदरबाई म्हणाली, "माय, हाऊ बाबा लबाड शे का?"

फुऽऽस!

हशा उसळला आणि हशाचा लगेच संताप झाला. "मायनी सांगं! बाबा लबाड शे!" माणसं महाराजांवर धावली.

"थांबा!" प्रमिलाबाई आडव्या आल्या. "तिनं तेही सांगितलेलं नाही! ती काहीच सांगत नाही. हा डॉल्फिन आहे. पाण्यात राहतो, पण तुमच्या म्हशीसारखा हवेत श्वास घेतो. डोक्यावर नाक आहे, त्याचा हा आवाज. 'हो' हवं असलं की हा बाबा डॉल्फिन वर येईपर्यंत मंत्र ताणतो. 'नाही' हवं असलं की 'माय गप्प!' म्हणून पुढचा माणूस बोलावतो. एवढीच विद्या."

महाराजांनी तोवर कफनी सावरून तंबूची मागची बाजू गाठली होती. तिथे वनखात्याची माणसं नुकतीच उतरत होती.

डॉल्फिनला सुरतेकडे, समुद्रावर न्यायचं ठरलं. ओली पोती अंथरली, माणसांनी हात लावले. पण उचलण्याआधीच त्याचे श्वास विरळ झाले, मग आलेच नाहीत. प्रमिलाबाई टाकीच्या कडेला हात ठेवून उभ्या होत्या.

एवढ्यात कोणी नारळ आणला, कोणी कुंकू. इथंच समाधी बांधू म्हणाले. तेव्हा सुंदरबाई पुढे झाली. "बांधू नका. हाई देव नही. जनावर व्हतं, दम लेवाले तडफडत व्हतं."

पितांबर खाली मान घालून म्हणाला, "वयनी, घर चाल."

"पहिले पोऱ्याले दवाखान्यात लई चाल," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी तिघं एसटीनं धुळ्याला गेली. हिवताप निघाला. गोळ्यांनी उतरला.

गल्लीतल्या बायका आजही तिच्याशी जपून बोलतात. संशय तापासारखा गोळीनं उतरत नाही. म्हणून सांगतो: कोणी चमत्कार दाखवला तर लगेच हात जोडू नका आणि दगडही उचलू नका. आधी न विचारता काय होतं, ते थोडं थांबून बघा.