आबांच्या टबातले भाडेकरू

बोलतोय तो मी, न्हाणीघरातला टब. आवाज पोकळ वाटला तर गैरसमज नको. आतून रिकामं असणं हाच माझा धंदा आहे.

जन्म भट्टीतला. लोखंड ओतून मला घडवलं, वर पांढराशुभ्र मुलामा चढवला आणि हमालांनी शिव्या घालत या घराचा जिना चढवला. माझ्या स्वागताचे पहिले शब्द तेच. ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

घराचे मालक आबा. निवृत्त पोहण्याचे मास्तर. जन्मभर तलावाच्या काठावर उभे राहून "पाय मारा, पाय!" असं ओरडले, आणि निवृत्त झाल्यावर रोज सकाळी तासभर माझ्यात आडवे पडू लागले. बाहेरून त्यांचा मुलगा दार बडवायचा. तो बस चालवतो.

"आबा, आवरा! माझी गाडी सुटेल!"

"चालवणारा तूच ना? मग तुझ्याशिवाय सुटेल कशी?"

सून बेडकांच्या केंद्रात कामाला. नामशेष होत चाललेल्या बेडकांची अंडी जपायची, पिल्लं वाढवायची आणि पुन्हा ओढ्यात सोडायची, हे तिचं काम. आबांना ते काही पटत नसे. "बेडकाला कसली मदत लागते? पाणी दिसलं की उडी मारतो!"

एका उन्हाळ्यात केंद्रातलं पाणी गार ठेवणारं यंत्र जळालं. सून घरी आली ती बादली सांभाळत. बादलीत जेलीसारखा लिबलिबीत गोळा, त्यात काळे ठिपके.

"आबा, ओढ्यात यंदा एवढीच अंडी मिळाली. यांना गारवा लागतो. घरात सगळ्यात थंड जागा म्हणजे हे न्हाणीघर. दोनच दिवस."

"आणि मी?"

"तुम्ही शेजारी जा."

झालं! आबा खांद्यावर टॉवेल टाकून शेजारच्या दंतवैद्याकडे आंघोळीला जाऊ लागले. गल्लीतले विचारायचे, "काय मास्तर, दात काढायला टॉवेल नेता?" आबा दातओठ खात पुढे जायचे.

यंत्राचा सुटा भाग कुठून तरी लांबून यायचा होता. तो काही येईना. अंडी मात्र थांबली नाहीत. आधी ठिपक्याला शेपूट फुटली, मग ठिपका वळवळू लागला, आणि एक दिवस माझ्यात पिल्लांची अशी झुंबड उडाली की मलाच गुदगुल्या झाल्या.

आता यांची तऱ्हा निराळी. नळाच्या पाण्यातलं औषध यांना बाधतं, म्हणून पाणी आदल्या दिवशीच भरून उघडं ठेवायचं. घरातलं प्रत्येक पातेलं, डबा, फुलदाणी त्यात गुंतली. शिवाय उकडलेला पाला यांनाच आधी.

"एक पातेलं तरी रिकामं ठेवा," मुलगा हातात चहाची पूड घेऊन स्वयंपाकघरात उभा. "मीसुद्धा याच घरात वाढलोय!"

आबा कुरकुरत असत. पण सून कामावर गेली की हळूच आत यायचे, माझ्या कडेला कोपरं टेकायचे आणि टक लावून बघत बसायचे. हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

मग ती दुपार आली. पिल्लांना पाय फुटले होते. सकाळपासून ती माझ्या भिंतीवर चढायला बघत होती आणि घसरून पडत होती. माझा मुलामा गुळगुळीत. त्याचा मला केवढा अभिमान होता! त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

आबा आले आणि खूश झाले. "वा रे पठ्ठे! पाय मारा, पाय!" आपल्या शिष्यांची प्रगती कळवायला त्यांनी सुनेला फोनही लावला.

"वर येऊन तोंडं उघडतायत?" सून किंचाळली. मला इथवर ऐकू आलं. "एवढ्या लवकर? आबा, त्यांचे कल्ले गेले. आता ती हवेत श्वास घेतात. बसायला काठ मिळाला नाही तर बुडतील!"

"बेडूक? बुडतील?"

"उतार द्या त्यांना! आत्ता!"

आबांना या वयात धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. माळ्यावरून त्यांनी नवशिक्यांना धरायला देतात त्या तरंगत्या फळ्या ओढून काढल्या, एका टोकाला दगड ठेवून माझ्यात तिरक्या लावल्या, आणि एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन वर बसवू लागले. बहुतेक वाचली. तीन हलली नाहीत.

सून धापा टाकत आली तेव्हा आबा ती तीन तळहातावर घेऊन बसले होते.

"माझ्या तलावात कधी एक पोर बुडलं नव्हतं गं," ते म्हणाले.

सून त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवर बसली.

त्या दिवसापासून बेडूक आबांचे झाले. शेपूट गेलेल्या, नखाएवढ्या पिल्लांना जिवंत चिलटं लागतात म्हटल्यावर त्यांनी न्हाणीघरात सडकी केळी टांगली. चिलटं अशी माजली की पाहुणे यायचे बंद झाले. आबांना त्याचंही सुख.

पिल्लं ओढ्याकाठी सोडली. पुढचं मी आंघोळीला येणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. मोठे बेडूक काठावरच्या पाल्यापाचोळ्यात राहतात. तिथे सफाईवाले खराटे घेऊन आले, तेव्हा आबा आडवे उभे राहिले. "हा कचरा नाही. आमच्या पोरांचं अंथरूण आहे!" मुकादमाने सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरोबर बोलतायत ते." खराटे माघारी गेले, आणि पुढे तिथला पाला हलवायचा नाही असंच ठरलं.

तिसऱ्या वर्षी, अंडी घालायच्या दिवसांत, सून बादली घेऊन ओढ्यावर गेली. आबांनी मला घासूनपुसून लख्ख केलं, पाणी भरलं, फळ्या तयार ठेवल्या. सून परतली ती हसत.

"सापडली अंडी. मागच्यापेक्षा कितीतरी जास्त."

"मग बादली रिकामी कशी?"

"तिथेच ठेवली. सावली आहे, पाणी गार आहे, काठाला उतार आहे. आपली गरज नाही आबा."

आबांचं तोंड एवढंसं झालं. क्षणभर ते माझ्याकडे बघत राहिले. मग चपला सरकवून निघाले. "बघून तर येतो. लांबूनच बघीन."

भरलेलं पाणी तसंच राहिलं. संध्याकाळी मुलगा त्यात मनसोक्त डुंबला.

आता माझ्यात माणसंच येतात. मुलामा दोन जागी उडालाय, बुचाची साखळी गंजलीय. भाडेकरूंची आठवण येते, नाही कशाला म्हणू? पण त्यांनी माझ्याकडे परत यावं असं मला वाटत नाही. तुमच्या गावात एखादा ओढा असेल, तर त्याला ओढा राहू द्या. मी कितीही जीव लावला तरी टबच आहे हो. मला काठ नाही.