आधी पिवळा की आधी निळा

एक होते मशीनवाले. त्यांची एक बायको, तिला सगळी गल्ली आईच म्हणायची. त्यांना एक मुलगा, एक मुलगी. आणि त्या चौघांत मिळून एक गाडी. ती गाडी म्हणजे मी. मीच बोलतेय. घाई नसेल तर बसा जरा. मला ऐकायला माणूस मिळत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या शंभरजणी एका रांगेत उभ्या होत्या, सगळ्या राखाडी. कोण कुठली ते आमचं आम्हालाही सांगता आलं नसतं. मशीनवाल्यांनी मला का निवडलं म्हणाल, तर माझी डिकी खोल होती. शिवणयंत्रं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. एका वेळी तीन यंत्रं आडवी बसतात का, एवढंच त्यांनी पाहिलं. रंगाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "मळत नाही, बास," म्हणाले.

तेव्हापासून माझ्या पोटात यंत्राच्या तेलाचा वास बसला तो बसलाच. ते निळा डगला घालून यायचे, खिशात स्क्रूड्रायव्हर, कानामागे पेन्सिल. शेजारच्या सीटवर आई. तिच्या बाजूचं दार थोडं उतरलेलं होतं. नुसतं ओढलं की लागायचं नाही. आधी जरासं उचलायचं, मग आपटायचं, आणि तरी दुसऱ्यांदा आपटावं लागायचं. खट्, आणि मग धप्. मशीनवाले जगाची यंत्रं नीट करायचे, पण माझं दार त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. "मी नाही सांगत आता. दुसऱ्याच्या घरी असतं तर कधीच झालं असतं," आई म्हणायची. ते हसायचे.

मागं ती दोघं. मागच्या सीटच्या बरोबर मधून एक जाड शिवण जाते. ती त्यांची हद्द.

"आई, बघ ना, दादाचा पाय इकडे आलाय!"

"नाही आलाय. फक्त अंगठा आलाय."

"अंगठा पायातच धरतात!"

पुढून मशीनवाले म्हणायचे, "आता कुणाचं नखही ओलांडलं तर दोघांना डिकीत घालीन. जागा आहे." आणि डिकीतली यंत्रं खडखड वाजायची. त्या आवाजात मी किती रस्ते संपवले, मोजले नाहीत.

मुलं मोठी झाली. मुलगा फरशा बसवायला लागला. एक फरशी केसभर सरकली तर त्याला झोप यायची नाही. मुलगी कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात लागली. माणसाचा दात बघून त्याच्या पांढऱ्याशी जुळणारा पांढरा शोधणं हे तिचं काम. "तुम्हाला पांढरा एकच दिसतो, मला सव्वीस दिसतात," म्हणायची.

मग एक दिवस मशीनवाले दुपारी काम करता करता यंत्रावरच वाकले. मुलीनं फोन केला. मुलगा कुठल्याशा मोठ्या दालनात गुडघ्यावर बसून ओल्या सिमेंटवर फरशी ठेवत होता. "ही रांग संपवून निघतो," म्हणाला. त्याला काय माहीत! तो पोचला तेव्हा संपलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात मुलगी त्याला एकच वाक्य बोलली. "रांग सरळ आली ना?"

बस्स. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं बंद झालं. तीन वर्षं. काही सांगायचं असलं की आईमार्फत.

माझ्यावर कव्हर पडलं. गाडीला कव्हर घालतात ते जपायला म्हणून, पण आतून ते कसं असतं हे कुणी विचारत नाही. दिवस आहे की संध्याकाळ ते कळत नाही. चाकं हळूहळू चपटी होतात. एका बाजूनं कव्हर फाटलं, तिथून ऊन आत आलं आणि माझा रंग पोपडे धरून सुटायला लागला. माझ्यापुढून गाड्या जायच्या, त्यांचे आवाज ओळखत मी वेळ काढायचे.

एकटी आईच यायची. रोज दुपारी भांडी आवरली की कव्हर थोडं वर करायची, दार उचलून उघडायची आणि आपल्या जागी बसायची. खट्, धप्. कधी ड्रायव्हरच्या सीटवरची धूळ हातानं झाडायची, जणू कुणी आत्ताच उठून गेलंय. तासाभरानं उठून घरात. आम्ही दोघी बायका, दोघींना कुठं जायचं नव्हतं.

हळूहळू मला जाणवलं की तिचा हात दाराची कडी चाचपतोय. तिच्या डोळ्यांच्या मधोमध काळोख बसला होता. डॉक्टर म्हणाले, कडेकडेनं दिसत राहील, ठळक रंग दिसेल, चेहरे मात्र दिसायचे नाहीत. आईनं हे मुलांना सांगितलंच नाही. खिडकीशी बसायची आणि रस्त्यावर कुठलीही राखाडी गाडी थांबली की उठायची. मुलाची व्हॅन राखाडी, मुलीच्या मैत्रिणीची गाडी राखाडी, जगात राखाडी गाड्याच फार.

आणि एके सकाळी ती एका परक्या गाडीत जाऊन बसली. मी कव्हरच्या फाटीतून बघत होते. ओरडता आलं असतं तर ओरडले असते. हॉर्न होता, पण बॅटरी मेलेली.

"आलास का रे? किती उशीर," ती म्हणाली. आत बसलेला माणूस पत्ता शोधायला थांबला होता. बिचारा भला निघाला. "आजी, मी तुमचा नाही," म्हणाला. हाताला धरून तिला दारापर्यंत आणून सोडलं आणि शेजारी सांगून गेला.

संध्याकाळी दोन्ही मुलं हजर. एक खुर्चीवर, एक दाराशी उभी, आणि दोघं आईकडे बघून बोलतायत.

"आई, तिला सांग, तुला आता एकटं ठेवायचं नाही. चांगला वृद्धाश्रम आहे, माणसं असतात, वेळेवर जेवण. मी बघून आलोय."

"आई, त्याला सांग, मलाही दुसरं काही सुचत नाहीये."

तीन वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि तेही कशावर, तर तिला घरातून काढण्यावर! माझे तर उरलेसुरले पोपडे गळले. ती गेली म्हणजे मी कुणाची? मला भंगारवाला नेणार, हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

आई शांतपणे म्हणाली, "मला गॅस पेटवता येतो. आंघोळ येते. घरात मला भिंती ठाऊक आहेत. फक्त चेहरे दिसत नाहीत आता, दाराशी कोण आलं ते कळत नाही. ते कळलं की झालं. तुमच्या बाबांची गाडी रंगवा. असा रंग द्या की मला या खिडकीतून कळेल. आणि दोघांनी त्याच गाडीतून या, एक आठवडा याच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे. एक महिना बघा. मला माणूस ओळखता आलं नाही, तर तुम्ही म्हणाल तिथं जाईन."

महिनाभराची मुदत. तिची आणि माझी.

मला ओढून नेलं ते चिकटरावांकडे. खरं नाव त्यांच्या बायकोला माहीत असेल. गाड्यांवर रंगीत विनाइल चिकटवायचं त्यांचं काम, आणि गिऱ्हाईक आलं की तेही चिकटायचे. "रंग मारून काय होतं? रंग उडतो. आमचा ताव बसतो तो कातडीसारखा. उद्या कंटाळा आला तर सोलून काढा." सोलण्याच्या गोष्टी ते माझ्यासमोरच बोलत होते.

त्यांनी नमुन्यांचे तुकडे माझ्या बॉनेटवर चिकटवले. आईला वीस पावलांवर उभं केलं. लाल तिला काळाच दिसला. हिरवा धुरकट. पिवळा बघून म्हणाली, "हा दिसतो." गडद निळा बघून थोडी थांबली. "हाही दिसतो."

मुलगा म्हणाला, "पिवळा. आई, तिला सांग, पिवळा सगळ्यात लांबून दिसतो. कामाच्या जागी धोक्याची पट्टी उगाच पिवळी नसते."

"आई, त्याला सांग, ही धोक्याची पट्टी नाही. निळा. बाबांचा डगला निळा होता." एवढं बोलून ती दुसरीकडे बघायला लागली.

चिकटराव मधे पडले. "अहो, भांडता कशाला? आता दुरंगी ताव छापून येतात. निळ्यापासून सुरू होतो, हळूहळू उतरत उतरत पिवळा. रेघ कुठंच नाही. बोट ठेवून सांगा, निळा कुठं संपला, तर हा ताव फुकट."

त्यांनी नमुना उलगडला. मुलगी दातांच्या सव्वीस पांढऱ्यांतून एक निवडणारी, तिनं डोळे बारीक करून पाहिलं. बोट नेलं, मागं घेतलं. तिला जागा सापडली नाही. मुलानं वाकून तिरक्या नजरेनं पाहिलं, त्यालाही नाही.

"मधे हिरवा आलाय," मुलगी म्हणाली.

"तो मी घातलेला नाही," चिकटराव म्हणाले. "दोन रंग जवळ आले की तो आपोआप येतो."

ठरलं. पण पुढं कुठला? मुलगा म्हणे पुढं पिवळा, मुलगी म्हणे पुढं निळा. आईसमोर नको म्हणून दोघं तिथं गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी वेगवेगळी आली. चिकटरावांनी मुलाला चित्र दाखवलं ते माझ्या उजव्या अंगाचं. पुढं पिवळा, मागं निळा. त्यानं मोजपट्टी लावून बघितलं आणि सही केली. दुपारी मुलगी आली. तिला दाखवलं डावं अंग. पुढं निळा, मागं पिवळा. तिनंही सही केली. दोघांनाही वाटलं, आपण जिंकलो. गाडीला दुसरं अंग असतं हे कुणी विचारलंच नाही, कारण विचारायचं तर एकमेकांना विचारावं लागलं असतं.

मग मला उघडं केलं. पोपडे घासले, दारांच्या कड्या काढल्या, दिवे काढले. चार दिवस मी त्या दालनात आंधळी उभी होते. सगळे घरी जायचे आणि दार बंद व्हायचं. कव्हरखाली निदान आई होती. गरम हवा अंगावर यायची, मऊ कडेची पट्टी फिरायची, पात्याचं टोक कडेकडेनं जायचं. चिकटराव दार बसवत म्हणाले, "हे उतरलंय, सरळ करू का?" नको रे बाबा, मी मनात म्हटलं. पण मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे, सांगितलं नाही कुणी."

न्यायच्या दिवशी दोघं एकाच वेळी आली. एक उजवीकडून, एक डावीकडून. "छान झालंय," दोघं एकदम म्हणाली. मग माझ्याभोवती फिरली. समोर आल्यावर थबकली. बॉनेटवर एका कडेला निळा, दुसऱ्या कडेला पिवळा.

"हे काय?" मुलगा म्हणाला. आईमार्फत नाही. सरळ.

"मला काय विचारतोस? सही कुणाची आहे?"

"माझी आहे, पण ही तुझी आहे!"

"मला वाटलं फॅशन आहे," चिकटराव हात पुसत म्हणाले. "दोन दोन सह्या. मी म्हटलं, काय एकविचारी भावंडं आहेत!"

"काढा. एक बाजू सोलून काढा," मुलगा म्हणाला. "हे मला बघवत नाही."

"नवा ताव छापून यायला तीन आठवडे."

महिन्यातला एक आठवडा गेलाच होता. तेव्हा नवी बॅटरी बसवून, चाकांत हवा भरून, नवा ताव येईपर्यंत मी आहे तशीच निघाले.

आता आईचं घर ऐका. रस्ता खिडकीपुढून आडवा जातो. मुलगा राहतो चढावाकडे, मुलगी उताराकडे. पहिल्या आठवड्यात मुलगा मला घेऊन चढावावरून आला. खिडकीत आधी माझं पिवळं तोंड शिरलं, मग हिरवा, मग निळा. आई उठली. "हे काहीतरी पिवळं आलं. तूच ना?"

दुसऱ्या आठवड्यात मुलगी उताराकडून आली. माझं दुसरं अंग खिडकीकडे. आधी निळा शिरला.

आई दारात उभी होती. "आज निळा आधी. म्हणजे तू आलीस."

मुलगी जागीच थांबली. खिशातून फोन काढला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो नंबर लावला. "दादा, सोलू नको," म्हणाली. पलीकडून आलं, "बरोबर ओळखलं तिनं?" "बरोबर."

पुढं आईनं एकदाही चूक केली नाही. परकी गाडी थांबली तर जागची हलायचीसुद्धा नाही. वृद्धाश्रमाचा कागद मुलानं परत नेला, त्यावर पुढच्या कामाच्या फरशा मोजल्या.

माझे दिवस अजून एकटीचेच जातात. एका घराच्या भिंतीशी सहा दिवस, मग दुसऱ्या. दुपार झाली की शेजारची सीट रिकामी असल्याचं मला कळतं. रस्त्यानं जाणारी माणसं मला बघून हसतात. हसू देत.

पण परवाचं सांगते आणि थांबते. महिना पुरा झाला होता. मुलाची पाळी. मी चढावावरून आले, खिडकीत आधी पिवळा शिरला. "आलास का रे?" आई आतून म्हणाली. मुलगा उतरला, त्याच्या बाजूचं दार वाजलं. आई दाराकडे निघाली आणि मधेच थांबली. कारण दुसरीकडून आवाज आला. आधी जरासं उचललेलं, मग खट्. आणि मग धप्.

ते दार असं लावायला त्या घरातल्याच माणसाला येतं.

"दोघं?" आई म्हणाली.

मुलीनं तिचा हात धरला, मुलानं पुढचं दार उघडलं. पुढं बस म्हणाली दोघं, पण आईनं ऐकलं नाही. चाचपत चाचपत मागच्या सीटवर गेली, ती जाड शिवण बोटांनी शोधली आणि बरोबर तिच्यावर बसली.

"चला," म्हणाली. "आणि अंगठेसुद्धा आपापल्या जागी ठेवा."