मुठीतला मका

यंदाच्या उन्हाळ्याने आमच्या नाकी नऊ आणले. आमच्या या थंड मुलखात उन्हाळा म्हणजे गवत वाळवायचे दिवस, पण ऊन म्हणून नाहीच. रोज थंडगार रिपरिप, गोठ्यात जायचं तर अंगात स्वेटर. गवत मात्र कंबरेएवढं माजलं. कापून वाळत घातलं की पाऊस हजर. सगळं जागच्या जागी कुजलं. आता हिवाळ्यात गाईंच्या तोंडात काही पडणार असेल तर तो मका, आणि त्यालाही दाणे भरायचं जिवावर आलेलं.

आमच्याकडे मका हिरवाच बारीक कापून, खड्ड्यात दाबून, झाकून मुरवतात. फार ओला दाबला तर अख्खा खड्डा सडतो; मग गाई विकण्यावाचून गत्यंतर नाही. कापणीची वेळ ठरवायची ती सासऱ्यांनी. दोन-चार ताटांची कुट्टी करायची आणि मूठभर घट्ट दाबायची. पाणी ठिबकलं तर थांबायचं, नुसता गोळा होऊन सावकाश सुटला तर कापायचं. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या दिवशी त्यांनी मूठ दाबली, उघडली आणि मुलाला म्हणाले, "तयार आहे. उद्या मशीन बोलव."

नवऱ्याने फोन काढला. सासऱ्यांनी टाकलेला गोळा मी सहज उचलून दाबला, तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. बोटं पुरती मिटतच नव्हती.

मला रागच आला. त्यांचा नाही, त्या बोटांचा. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"बाबांना कोण सांगणार?" तो म्हणाला.

"मग काय, गाईंनी सांगायचं?"

म्हटलं खरं, पण पाय उचलेना. लग्नानंतर गाईने मला पहिली लाथ मारली तेव्हा "सासूपेक्षा बरी, एकदाच मारते," म्हणून रडता रडता हसवणारा हा माणूस. माझा त्यांच्यावर फार जीव आहे.

शेवटी मी त्यांच्या हातात पुन्हा कुट्टी दिली. "बाबा, परत एकदा दाबू. मीपण दाबते." त्यांच्या मुठीभोवती दोन्ही हात धरून मी जोर लावला. त्यांच्या बोटांमधून पांढरट पाणी टपटप गळलं.

त्यांनी ओला हात झटकला.

"फोन ठेव रे," मुलाला म्हणाले. मग मला हळूच, "दूध काढतानाही कमीच येत होतं गं. मला वाटलं, गाईच पान्हा चोरतायत."

मला हसू आलं आणि डोळेही भरले.

पुढे रोज ते मला शेतात न्यायचे. मी दाबायची, पाणी गळायचं, आम्ही परत यायचो. नवरा आभाळाला शिव्या द्यायचा. मग पाऊस जरा उघडला, वारा सुटला, आणि एका दुपारी माझ्या मुठीतून थेंबही पडला नाही. गोळा तळव्यावर सावकाश सुटला.

"बाबा, सांगा ना."

"मला काय विचारतेस?"

मी नवऱ्याला हाक मारली. "उद्या मशीन बोलव."

त्याने सवयीने बाबांकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस?" बाबा ओरडले. "ती सांगतेय ना!"