मास्तरीणबाईंची झडप

धाकटीच्या पोटात काही राहत नाही, ही मास्तरीणबाईंची जुनी तक्रार. घरात दूध उतू गेलं की शेजारणीला आधी कळणार आणि मास्तरीणबाईंना मागून. थोरली सून म्हणजे मुकी बाहुली. 'हं' म्हणायलाही तिला कष्ट. धाकटी मात्र न विचारता सगळं सांगणार. म्हणून तपासणीला बरोबर कोण जाणार हे ठरत होतं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "कुणीही चालेल, पण तो रेडिओ नको." मुलगे कामावर, थोरली माहेरी. शेवटी रेडिओच आला.

बाई शाळेत दुसरीच्या पुढे गेल्या नव्हत्या. पण कापड कापतो त्याला मास्तर म्हणतात आणि त्यांचा सगळा जन्म कापण्यात गेला, म्हणून मास्तरीण. पुढच्या खोलीत तीन मशिनं, गणवेशांचे गठ्ठे आणि त्या सगळ्यांवर त्यांचा आवाज. हल्ली मात्र तो आवाज अर्ध्या वाक्यात खाली बसायचा. हृदयाची झडप आक्रसली होती.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, छाती उघडून झडप बदलायची. दुसरी नवीन होती. घडी घातलेली झडप मांडीतल्या रक्तवाहिनीतून वर न्यायची आणि जागेवर पोचली की छत्रीसारखी उघडायची. छाती म्हटल्याबरोबर बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या नवऱ्याची छाती अशीच उघडली होती. पांढऱ्या दरवाजातून आत जाताना तो नर्सला म्हणाला होता, "बटणं नीट लावा हं परत." त्यानंतर तो काहीच बोलला नाही.

मांडीतली झडप पदरच्या पैशांनी घेणं या घराच्या आवाक्यातलं नव्हतं. आरोग्य योजनेने ती द्यायला एकदा नकारही दिला होता. जुनी शस्त्रक्रिया आहे की, मग नव्या तंत्राचा खर्च कशाला? दवाखान्यात मंजुरीची कामं बघणारी बाई होती, ती योजनेशी भांडभांड भांडली, तेव्हा कुठे योजनेचा डॉक्टर स्वतः येऊन बघायला तयार झाला.

"आई, आहात तशाच चला," धाकटीने निघताना सांगितलं. "ताठ बसू नका. मंजुरीवाल्या बाई म्हणाल्या की..."

"तुझ्या बाईला म्हणावं, मला बसायला शिकवू नकोस."

बाईंचा हिशेब सरळ होता. विरलेल्या कोटाला कोण नवी कोरी चेन लावतं? गिऱ्हाईक आधी कापड ओढून बघतं. टिकणार असेल तरच वर खर्च करतं. म्हणून त्यांनी ठेवणीतले कपडे काढले, केस चापून बसवले, आणि तपासणीच्या खोलीत खुर्चीच्या पाठीला पाठसुद्धा न टेकता बसल्या.

योजनेचा डॉक्टर मऊ आवाजाचा होता. "जिने चढता?"

"न थांबता."

"झोप?"

"आडवी झाले की थेट सकाळ."

त्याने मुठीत धरायचं एक यंत्र दिलं, दाबा म्हणाला. कात्री चालवून चालवून घट्ट झालेला हात तो. काटा पार पुढे गेला. बाईंनी धाकटीकडे बघून भुवई उडवली.

"वा!" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाला. "मग तर छातीची शस्त्रक्रिया तुम्ही आरामात सोसाल. नवी झडप आम्ही फक्त ती न झेपणाऱ्यांना देतो."

बाईंची भुवई खाली आली. खोटं बोलले म्हणावं, तर धाकटीसमोर! न म्हणावं, तर तोच पांढरा दरवाजा, तीच बटणं.

"डॉक्टर, यातलं एक अक्षर खरं नाही!" धाकटी उठलीच. "आडव्या कुठल्या होतात? गठ्ठ्याला टेकून बसल्या बसल्या झोपतात. अंघोळ मी घालते. परवा न्हाणीघरात अंधारी येऊन पडल्या, कमरेवर जांभळा डाग आहे हा एवढा."

"तोंड बंद कर!" बाई ओरडल्या आणि त्यातच दम संपला.

डॉक्टरने दोघींकडे पाहिलं. "मी कुणाचं खरं धरू? चला, बाहेर खिडकीपर्यंत जाऊन परत या."

दवाखान्याच्या त्या बोळात दोन्हीकडे बाकांवर माणसं बसलेली. बाई मान ताठ ठेवून निघाल्या. आठ-दहा पावलांवर छातीत कुणीतरी दोरी आवळली. खिडकी होती तिथेच राहिली, जवळ येईना. त्या एका बाकापाशी थांबल्या आणि तिथल्या माणसाच्या सदऱ्याला बोट लावून म्हणाल्या, "हा खिसा... कुणी लावला? वाकडा आहे."

माणूस बिचारा खिशाकडे बघत राहिला.

"बघा!" मागून धाकटी. "दम लागला की आई अशाच थांबतात. दुसऱ्याच्या शिवणीत खोड काढतात. घरी आम्हाला वाटायचं, स्वभावच आहे."

कुणीतरी हसलं. बाईंना वाटलं, हिला इथेच कात्रीने कापावी. पण डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते आणि त्या ठिपक्यांमागून नवरा आत जाताना दिसत होता, हसत हसत. सदऱ्यावाल्याने सरकून जागा केली. बाई बसल्या.

"डॉक्टर," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. "ही सांगते... ते खरं आहे. मला छाती उघडायची नाही. मला भीती वाटते."

डॉक्टरने शेजारी बसून त्यांची नाडी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

पुढचे दिवस फोन वाजला की बाईंच्या हातातली कात्री थांबायची. एकदा तर बाही आखलेल्या रेघेच्या पलीकडे कापली गेली. अखेर मंजुरीवाल्या बाईंचा फोन आला तो धाकटीने घेतला. ऐकता ऐकता तिचा चेहरा रडवेला झाला, तशी बाईंनी मशिनची कड घट्ट धरली.

"मांडीतली झडप मंजूर झाली, आई," धाकटी म्हणाली. "सोमवारी बोलावलंय."

"मग रडतेस कशाला? घाबरवून मारशील."

धाकटीने डोळे पुसले आणि शेजारणीला सांगायला दाराकडे वळली. बाईंनी तिचा दंड पकडला.

"इकडे बघ. चहाडखोर आहेस तू. आधीही म्हणत होते, आताही म्हणते. सोमवारी आत नेतील तेव्हा दारापर्यंत तूच ये. काय होतंय म्हणून ते मला विचारतील आणि मी काही खरं सांगायची नाही."