मागच्या बाकावरची लॉर्ना

लॉर्ना खाकरली, तशी डल्सी वाक्याच्या मधेच थांबली. गॅलरीत जमिनीवर मांडी घालून बसलेल्या शाळकरी पोरींपैकी एकीनं विचारलं होतं, की डल्सीनं काढलेल्या चित्रातल्या कंद खणणाऱ्या बायका शेवटी टेकडीमागे कशाला गेल्या. डल्सीनं हसून विषय कंदाच्या चवीवर नेला. मागच्या बाकावरून लॉर्ना तिच्याकडे रोखून पाहत राहिली. ही बया मुलं दिसली की पाघळते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

डल्सी तिची मामेबहीण. चित्रातली भूमी डल्सीच्या बापाची, म्हणून ते चित्र काढायचा आणि त्याची गोष्ट सांगायचा हक्क डल्सीचा. लॉर्नाच्या आईची तीच भूमी, म्हणून चित्रात एखादी रेघ चुकत नाही ना, न सांगायचं काही तोंडातून निसटत नाही ना, यावर डोळा ठेवायचं काम लॉर्नाचं. ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी आदिवासींत ही वाटणी कोणाला वेगळी शिकवावी लागत नाही. त्यात लॉर्नाचा स्वभाव मुळातच संशयी. दवाखान्यातली नर्स, किराणा दुकानदार, स्वतःचा जावई, कोणीच तिच्या नजरेतून सुटत नसे.

मुलं बसकडे गेल्यावर टेसा आली. गॅलरीत शाळांच्या भेटी तीच ठरवायची. ॲलिस स्प्रिंग्स शहरात नवीनच होती आणि फार गोड बोलायची, त्यामुळे लॉर्नाला ती पहिल्यापासून खटकत होती. तिनं आधी लॉर्नाच्या गुडघ्यांची चौकशी केली, उन्हाबद्दल हळहळली, आणि मग म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळेपासून तुम्ही घरी आराम करा ना. डल्सीमावशी एकट्या छान सांभाळतील."

हे या पोरीच्या डोक्यातलं नव्हे, लॉर्नानं ताडलं. डल्सी तिकडे पाठ करून निवांत पाणी पीत होती. गेल्या हिवाळ्यात लॉर्नानं तिला चित्राचा एक कोपरा पुसून पुन्हा काढायला लावला होता. तो राग अजून धुमसत असणार. आता हिला मोकळं रान हवंय, म्हणजे टाळ्या मिळवायला काय वाट्टेल ते सांगता येईल. घरी जाताना लॉर्ना डल्सीला मागे टाकून पुढे निघून गेली. एवढ्या वर्षांच्या सोबतीचं हे फळ, या विचारानं तिला जेवणही गेलं नाही.

पुढच्या भेटीच्या दिवशी ती गॅलरीत गेली नाही. समोरच्या झाडाखाली, काचेतून आतलं दिसेल अशी बसली. डल्सीला रंगेहाथ पकडायचंच होतं. मुलं आली, बसली. डल्सी चित्रासमोर उभी राहिली. तिचे ओठ हलताना दिसेनात. दबक्या आवाजात सांगतेय, नक्कीच, असं लॉर्नाच्या मनात आलं.

थोड्या वेळानं टेसाच बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"मावशी, त्या बोलतच नाहीत. मुलं कधीची ताटकळलीत."

"बरं नाही का तिला?"

"बऱ्या आहेत. आतेबहीण आल्याशिवाय तोंड उघडणार नाही म्हणतात."

यातही काही डाव असेल असं वाटून लॉर्नानं काचेतून डल्सीकडे नीट पाहून घेतलं. मग उठली.

तिला आत येताना पाहून डल्सी सगळ्यांसमोर म्हणाली, "ही पोर काल आली शहरात. तिनं घरी बस म्हटलं, आणि तू ऐकलंस? मी चुकले तर मला कोण अडवणार गं?"

लॉर्ना पुढे झाली. मुलांनी वाट दिली, ती आपल्या बाकावर जाऊन बसली, आणि डल्सी सांगू लागली. कोणी पाहू नये म्हणून लॉर्ना खाली मान घालून बाहीनं डोळे टिपत राहिली.

गोष्ट संपली. डल्सी वळली आणि सगळं बरोबर झालं ना, म्हणून तिच्याकडे पाहत थांबली. लॉर्नानं त्यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. तिनं होकारार्थी मान हलवली.